मुका ॲम्प्लिफायर आणि त्याची नाडी

न्यासाच्या महोत्सवी स्मरणिकेत अहवाल, देणगीदारांच्या याद्या आणि जुन्या मंडळींच्या आठवणी असाव्यात, हे योग्यच आहे. त्यांच्या शेजारी एका बिघडलेल्या यंत्राविषयीच्या लेखास जागा द्यावी की नाही, यावर संपादक मंडळात थोडी चर्चा झाल्याचे आमच्या कानावर आले. जागा मिळाली, याबद्दल आम्ही मंडळाचे आभारी आहोत. आम्ही काही विद्युत्शास्त्राचे पदवीधर नव्हे. सतरंज्या घालणे, खुर्च्या लावणे, माइकच्या वायरी गुंडाळून ठेवणे ही कामे गेली पुष्कळ वर्षे आमच्या चारपाच जणांच्या टोळक्याकडे आहेत. त्या वायरींच्या टोकाला जो लहानसा ॲम्प्लिफायर बसलेला असतो, त्याची थोडीफार ओळख त्यामुळे झाली, आणि ती ओळख महागात पडली. ती कशी, हे आधी सांगितले पाहिजे.

२०२२ सालच्या गणेशोत्सवात एका संध्याकाळी आमच्या निवृत्त गुरुजींचे भाषण होते. वय सत्त्याऐंशी. १९५६ साली राज्यपुनर्रचना झाली, मराठवाड्याचे जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि आपण मंडळी येथे हैदराबादेतच राहिलो, त्या दिवसांविषयी ते बोलणार होते. सभागृह भरले होते. गुरुजींनी माइक हातात घेतला, आणि स्पीकरमधून काहीच येईना. खरखर नाही, गुणगुण नाही. ॲम्प्लिफायरवरील तांबडा दिवा मात्र शांतपणे जळत होता.

आम्ही धावलो. दोघांनी झाकण उघडले. एकाने, सप्लाय नीट येत नसावा या समजुतीने, आतल्या बोर्डाला जाणाऱ्या दोन वायरी काढल्या आणि घाईघाईने परत जोडल्या. तांबडी काळीच्या जागी गेली आणि काळी तांबडीच्या. बटण दाबताच ‘फट्’ असा आवाज झाला, जळका वास आला, फ्यूज उडाला. गुरुजींनी दहा मिनिटे तसेच बोलण्याचा प्रयत्न केला. तिसऱ्या रांगेपलीकडे शब्द पोचत नव्हता. मग त्यांनी कागदाची घडी केली, ‘पुढल्या वर्षी पाहू’ असे हसून म्हणाले आणि खाली बसले.

दुसऱ्या दिवशी आम्ही कोठीला गुजराती गल्लीत जाऊन जळालेला आयसी आणि फुगलेला कंडेन्सर नवा आणला, बसवला, फ्यूज घातला. तरी ॲम्प्लिफायर मुकाच. तेव्हा नवा घ्यावा, असा ठराव होण्याच्या बेतात होता. इतक्यात आमचे एक ज्येष्ठ सभासद आले. त्यांनी तरुणपणी रेडिओदुरुस्ती केलेली आहे आणि त्यांना सर्व जण काका म्हणतात. त्यांनी पेचकस मागितला नाही. एकच विचारले, “हा शेवटचा बोलला कधी, आणि त्यानंतर याला कोणी हात लावला?”

कोणीतरी आठवून सांगितले की भाषणाच्या दिवशी दुपारी मुलांच्या नाचाचे गाणे याच यंत्रावर हेडफोन लावून तपासले होते. काकांनी तोच हेडफोन मागवला आणि समोरच्या भोकात खुपसला. हेडफोनमध्ये गाणे स्वच्छ वाजत होते.

आता यात झाले काय होते, ते समजून घेण्यासारखे आहे. अशा बऱ्याच ॲम्प्लिफायरांत स्पीकरकडे जाणारी वाट हेडफोनच्या सॉकेटमधून नेलेली असते. सॉकेटच्या आत पितळेची एक पट्टी असते. हेडफोनचा प्लग आत गेला की तो त्या पट्टीला ढकलतो, संपर्क तुटतो आणि स्पीकर बंद पडतो. प्लग काढला की पट्टीने उडी मारून जागेवर यावे अशी अपेक्षा असते. आमची पट्टी वर्षानुवर्षांच्या धुळीने आणि काळपटपणाने अर्ध्यावरच थांबली होती. ॲम्प्लिफायर शाबूत होता, माइक शाबूत होता, स्पीकर शाबूत होता. काकांनी प्लग आठदहा वेळा आतबाहेर केला, आणि स्पीकर बोलू लागला. आदल्या संध्याकाळी हेच केले असते, तर अर्ध्या मिनिटाचे काम होते. झाकण उघडून आम्ही निरोगी यंत्राला नवा रोग लावला, आणि दुसऱ्या दिवशी तो आमचाच रोग बरा करून मूळ रोग तसाच ठेवला.

‘पुढल्या वर्षी’ गुरुजी नव्हते. त्यांची टिपणे घरच्यांनी न्यासाकडे दिली आहेत. टिपणांत मुद्दे आहेत, सनावळ्या आहेत. पण गोष्टी ते तोंडाने सांगणार होते, त्या कागदावर नाहीत.

म्हणून काकांकडून पुढे जे शिकलो, ते येथे लिहून ठेवतो. घरोघरी हल्ली लहानमोठा ॲम्प्लिफायर असतोच, कोणाचा तबलापेटीच्या रियाजाला, कोणाचा टीव्हीला जोडलेला. मुलेही शाळेच्या प्रदर्शनासाठी असे बोर्ड तयार करतात.

पहिली गोष्ट अशी की आवाज हा एका रस्त्याने चालत येतो. माइक किंवा मोबाइल, मग वायर, मग व्हॉल्यूमचे बटण, मग आयसी, मग स्पीकरची वायर, शेवटी स्पीकर. रस्ता कोठे तुटला आहे हे न पाहता मधल्या गावी जाऊन खणत बसण्यात अर्थ नाही. दोन्ही टोके आधी तपासावीत, कारण ती झाकणाबाहेर आहेत आणि आमच्या अनुभवाने बहुतेक वेळा दोष तेथेच सापडतो. माइकच्या दांड्यावर खटका असतो, तो बंद राहिलेला असतो. इनपुट निवडण्याचे बटण भलत्याच ठिकाणी असते. मोबाइलने ब्लूटूथ दुसऱ्याच कोणाशी जोडलेले असते आणि गाणे शेजारच्या घरात वाजत असते! कंडेन्सर जातीच्या मोठ्या माइकला मिक्सरमधून ४८ व्होल्टचा पुरवठा लागतो, तो नसेल तर माइक मुका राहतो. साध्या डायनॅमिक माइकला तो लागत नाही.

वायरीबद्दल एक चमत्कारिक प्रकार आम्ही पाहिला आहे. मोबाइलची स्टीरिओ वायर जर मोठ्या मिक्सरच्या बॅलन्स्ड इनपुटला थेट लावली, तर ते इनपुट डाव्या आणि उजव्या बाजूंतील फरक तेवढा घेते. भाषण दोन्ही बाजूंना सारखेच असते, म्हणून फरक शून्य आणि आवाजही जवळजवळ शून्य. गाण्यात मात्र बाजूची वाद्ये ऐकू येतात आणि मधोमध उभा असलेला गायक नाहीसा होतो. असे झाले तर ॲम्प्लिफायरला दोष देऊ नये, वायर बदलावी.

स्पीकर तपासण्यास दीड व्होल्टचा साधा सेल पुरतो. ॲम्प्लिफायर बंद करून स्पीकरच्या दोन्ही वायरी सोडवाव्यात आणि सेल क्षणभर टेकवावा. ‘खट्’ असा आवाज येऊन कागदी शंकू किंचित हलला, तर स्पीकर जिवंत. मीटर असेल तर आठ ओहमचा स्पीकर साधारण सहा ते सात ओहम दाखवतो, त्याने घाबरू नये. आठ हा आकडा चालत्या ध्वनिप्रवाहाचा आहे, मीटर स्थिर प्रवाहाने मोजतो. मीटर काहीच दाखवत नसेल तर कॉइल जळली आहे, अथवा शंकूवरून येणारी विणलेली बारीक वायर तुटली आहे. दुसरी गोष्ट घडली असेल तर ती नाजूक हाताने पुन्हा जोडता येते. फेकण्यापूर्वी एकदा पाहावे.

इतके करूनही आवाज नसेल, तरच झाकणाकडे वळावे. येथे आम्ही थोडे कठोरपणे लिहितो. मेन्सचा प्लग भिंतीतून बाहेर काढल्याशिवाय झाकण उघडू नये. नुसते बटण बंद करणे पुरेसे नाही. लोखंडी ट्रान्सफॉर्मरचा ॲम्प्लिफायर असेल तर मेन्सची बाजू थोड्या जागेत असते. पण हल्ली अनेक यंत्रांत ट्रान्सफॉर्मरऐवजी स्विच मोड सप्लाय असतो, आणि त्यातील कंडेन्सरवर सुमारे ३२५ व्होल्ट साठलेले असतात. प्लग काढल्यावरही ते काही वेळ राहू शकतात. अशा सप्लायला ज्याला ठाऊक आहे त्यानेच हात लावावा. मुलांनी तर मुळीच नाही. ट्रान्सफॉर्मरच्या यंत्रातला मोठा कंडेन्सरही २२० ओहमच्या पाच वॅटच्या रेझिस्टरने रिकामा करावा, पेचकसाने ठिणगी पाडून नव्हे.

आमचा ॲम्प्लिफायर टीडीए २०३० या आयसीचा आहे. पाच पिनांचा हा आयसी फार प्रचारात होता व आजही बाजारात मिळतो, म्हणून त्याचेच उदाहरण घेतो. अठरा व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरमधून येणारी वीज ब्रिज रेक्टिफायर आणि मोठ्या कंडेन्सरमधून गेली की सुमारे २४ व्होल्ट डीसी होते. आयसीवरील अक्षरे आपल्याकडे करून डावीकडून पिना मोजाव्यात. पाचवीवर हे २४ व्होल्ट असतात, तिसरी जमिनीला म्हणजे वजाला, आणि चौथीतून आवाज बाहेर पडतो.

त्या चौथ्या पिनेला काका ‘नाडी’ म्हणतात. यंत्र चालू असून गाणे वाजत नसेल, तेव्हा तिच्यावर पुरवठ्याच्या बरोबर निम्मे, म्हणजे सुमारे १२ व्होल्ट असले पाहिजेत. याचे कारण सोपे आहे. आवाज ही वरखाली होणारी लाट आहे. तिला वर जायला जितकी जागा, तितकीच खाली यायला हवी, म्हणून आयसी मधोमध उभा राहून वाट पाहतो. नाडी निम्म्यावर असेल तर आयसी बहुधा निरोगी आहे आणि दोष त्याच्या आधी किंवा नंतर शोधावा. नाडी शून्यावर किंवा चोविसावर चिकटली असेल, तर दोष आयसीत अथवा त्याच्या अगदी जवळच्या भागांत आहे. एका मोजणीत अर्धे यंत्र बाद होते. आम्ही नवा आयसी बसवला तेव्हा नाडी १२ व्होल्ट होती. आम्ही ती पाहिली असती तर लगेच कळले असते की आता आयसीत नव्हे, त्याच्या आधी किंवा पुढे पाहायचे आहे. पुढे उरतेच काय? एक कंडेन्सर, दोन वायरी आणि ते सॉकेट.

मीटर लावताना मात्र हात स्थिर हवा. पिना जवळजवळ असतात, टोक घसरले की दोन पिना जुळतात. मीटरची काळी वायर क्लिपने वजाला पक्की अडकवावी आणि दुसरा हात खिशात ठेवावा. खिशातला हात हा जुन्या रेडिओवाल्यांचा नियम आहे, आणि तो त्यांनी कोणा पुस्तकातून घेतलेला नसावा.

नाडी बिघडलेली असली तरी आयसीला लगेच फाशी देऊ नये. पहिल्या पिनेला निम्मे व्होल्टेज देण्यासाठी एक लाख ओहमचे दोन रेझिस्टर २४ व्होल्टचे दोन सारखे भाग करतात, आणि त्यांच्या सांध्यावर बावीस मायक्रोफॅरडचा एक लहान कंडेन्सर असतो. तो कंडेन्सर जुना होऊन गळू लागला की सांध्याचे व्होल्टेज घसरते आणि त्यामागून नाडीही घसरते. आयसी बिचारा सांगितले तेवढेच करत असतो. पहिल्या व दुसऱ्या पिनेचे व्होल्टेज जवळजवळ सारखे असावे. दुसरीच्या वाटेवरचा कंडेन्सर गळका असेल तर तेथे फरक दिसतो. डिजिटल मीटरने हे खरे दिसते. काट्याचा जुना मीटर स्वतःच थोडा प्रवाह खातो, त्यामुळे अशा ठिकाणी बाराच्या जागी दहासाडेदहा दाखवतो. आमच्या एका मित्राने त्या दीड व्होल्टच्या शोधात पूर्ण रविवार घालवला.

नाडी ठीक असून आवाज नसेल तर बोटाची परीक्षा करावी. व्हॉल्यूम अगदी थोडे वर ठेवून, बारीक पेचकसाच्या लोखंडाला बोट लावून त्याचे टोक व्हॉल्यूम कंट्रोलच्या मधल्या पायाला टेकवावे. आपले शरीर घरातील विजेच्या वायरींची पन्नास आवर्तनांची गुणगुण पकडते, आणि ती स्पीकरमधून ‘हूं’ अशी ऐकू आली पाहिजे. तेथे ‘हूं’ येते आणि इनपुट सॉकेटवर येत नाही, तर दोष या दोहोंच्या मध्ये. मधल्या पायावरही येत नाही, तर आयसीच्या बाजूला सरकावे. हा प्रयोग फक्त ट्रान्सफॉर्मरवर अथवा बॅटरीवर चालणाऱ्या यंत्राच्या कमी व्होल्टच्या बाजूलाच करायचा, मेन्सच्या आसपास कदापि नाही.

चौथ्या पिनेनंतरचा मोठा कंडेन्सर आवाजाला जाऊ देतो आणि बारा व्होल्टचा स्थिर दाब अडवतो. तो आतून तुटला तर शांतता होते. तो आतून जुळला तर ते बारा व्होल्ट सरळ स्पीकरवर जातात आणि कॉइल जळते. म्हणून नवा स्पीकर जोडण्यापूर्वी स्पीकरच्या टोकांवर डीसी व्होल्टेज जवळजवळ शून्य आहे ना, हे पाहावे. स्पीकर एकदा जळला म्हणून नवा लावला आणि तोही जळला, अशा कथेत दोषी हा कंडेन्सर असू शकतो.

पुरवठाच येत नसेल तर क्रम उलटा घ्यावा. दिवा जळतो म्हणजे सगळीकडे वीज पोचली, असे समजू नये. आमचा दिवा त्या ‘फट्’च्या आधी जळतच होता. काचेचा फ्यूज उजेडाकडे धरून पाहावा. काच काळी पडली असेल तर आत कोठे तरी वायरी किंवा भाग जुळलेले आहेत, आणि नवा फ्यूज घालून पाहणे म्हणजे आणखी एक फ्यूज वाया घालवणे. फ्यूजच्या जागी चांदीचा कागद किंवा तांब्याची तार कधीही घालू नये. दुरुस्तीनंतर पहिल्यांदा चालू करताना काका मेन्सच्या वाटेत साठ वॅटचा जुन्या पद्धतीचा तारेचा बल्ब सिरीजमध्ये लावतात. एलईडी बल्ब येथे उपयोगाचा नाही. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. झगझगीत जळत राहिला तर आत शॉर्ट आहे, पण बल्बाने तो भार स्वतःवर घेतल्याने आयसी वाचतो. त्या संध्याकाळी हा बल्ब असता, तर आमच्या उलट्या वायरींनी बहुधा इतके नुकसान केले नसते.

सोल्डरचे सांधे भिंग घेऊन पाहावेत, विशेषतः सॉकेट, ट्रान्सफॉर्मरच्या वायरी आणि हीट सिंकवरचा आयसी, म्हणजे जेथे ओढ बसते किंवा उष्णता होते तेथे. सांध्याभोवती केसाएवढी गोल भेग दिसली की तेथे सोल्डर नुसते टेकलेले आहे. अशा यंत्राला थाप मारली की ते बोलते. थाप मारून चालवण्याची सवय मात्र वाईट. थाप हे निदान झाले, औषध नव्हे.

नवा आयसी घेताना आमच्या हैदराबादी दुकानदाराने विचारले, “ओरिजिनल होना, की चलता सो होना?” हा प्रश्न प्रामाणिक होता, असे आम्ही समजतो. नावाची नक्कल केलेले आयसी बाजारात पुष्कळ असतात. ते थोड्या व्होल्टेजवर चालतात आणि पूर्ण पुरवठ्यावर दगा देतात. दोन घेऊन ठेवावेत आणि ओळखीच्या दुकानातून घ्यावेत.

मुलांच्या हाती जे पाच व्होल्टवर चालणारे इवलेसे बोर्ड असतात, पीएएम ८४०३ वगैरे, त्यांची रीत वेगळी आहे. त्यांत स्पीकरची कोणतीच वायर जमिनीला जोडलेली नसते. दोन्ही वायरींवर निम्मे व्होल्टेज असते आणि स्पीकर त्यांच्या मधला फरक ऐकतो. एखादा मुलगा सवयीने दोन्ही स्पीकरांच्या वजा वायरी एकत्र पिळतो किंवा बॅटरीच्या वजाला जोडतो, आणि बोर्ड मुका होतो, कधी कायमचा. प्रत्येक स्पीकरला त्याच्या स्वतःच्या दोन वायरी द्याव्यात. काही आयसींना ‘म्यूट’ची वेगळी पिन असते. तिच्यावर योग्य व्होल्टेज आले नाही तर सर्व काही निरोगी असूनही ते आज्ञेने गप्प बसतात.

आमच्या ॲम्प्लिफायरच्या हेडफोन सॉकेटला काकांनी बगल दिली आहे. स्पीकरची वायर आता चौथ्या पिनेपुढच्या कंडेन्सरपासून सरळ मागच्या टर्मिनलवर जाते आणि हेडफोनचे भोक कायमचे बुजवले आहे. रंगमंचाच्या डाव्या बाजूच्या कपाटात एक पत्र्याचा डबा ठेवला आहे. त्यात दीड व्होल्टचा सेल, क्लिपा लावलेला एक चांगला लहान स्पीकर, माइकची जास्तीची वायर, ५०० मिलिअँपचे सहा फ्यूज आणि डिजिटल मीटर आहे. डब्याच्या झाकणावर आत काकांनी स्वतःच्या अक्षरात लिहून चिकटवले आहे, “शेवटचा कधी बोलला?” कपाटाची किल्ली कार्यालयात खिळ्याला असते. वापरून झाल्यावर ती तेथेच परत लावावी, अशी सर्व सभासदांस विनंती आहे, कारण मागील दिवाळीत ती तीन दिवस सापडत नव्हती.